म्हण गं

पूर्णिमा पाटील हिचं अर्धं आयुष्य लोखंड ऐकण्यात गेलं होतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तयार कास्टिंग तपासून पास-नापास करणं हे तिचं काम. शिक्षण पदार्थविज्ञानातलं. लोखंडात ध्वनिलहरी सोडायच्या आणि पडद्यावर उमटणाऱ्या रेषेवरून आत पोकळी आहे का ते ओळखायचं, असं तिथलं यंत्र. पण जुने मिस्त्री नुसत्या हातोडीनं ठोकून सांगायचे. नीट ओतलेलं कास्टिंग घंटेसारखं खणखणतं. आत तडा असला की बद्द वाजतं. ही सवय पूर्णिमानंही उचलली होती. आधी हातोडी, मग यंत्र. कामगार तिला मागून 'ठोकणाऱ्या मॅडम' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नव्हतं.

तो पाळणा पहिल्यांदा ऐकला तेव्हाच कुठंतरी बद्द वाजलं होतं. पण त्या वेळी तिनं तिकडे दुर्लक्ष केलं, कारण समोर आत्ती रडत होती.

पाळणा मेणाच्या तबकडीवरचा होता. इंग्रजी अमलात एक साहेब भाषांचे नमुने गोळा करत कोल्हापूर संस्थानात फिरला होता. गावोगावी कर्णा मांडायचा, समोर माणूस उभा करायचा आणि त्याला बोलायला किंवा गायला लावायचं. त्या तबकड्या परदेशातल्या एका ध्वनिसंग्रहालयात शंभर वर्षं पडून राहिल्या. आता त्या संग्रहालयानं ठरवलं होतं की ज्यांचे आवाज त्यांच्या वारसांना ते परत करायचे. आवाज जगाला ऐकू द्यायचा की बंद ठेवायचा, हेही वारसांनीच सांगायचं.

पूर्णिमाचा चुलतभाऊ धैर्यशील याच्या नजरेला इंटरनेटवर त्यातली एक नोंद पडली. 'पाळणा. बाई. नाव गंगू. नेसरीजवळची वाडी. व्यवस्था गावच्या पाटलानं केली.' एवढंच. पण ती वाडी त्यांचीच होती, पाटीलकी त्यांच्याच घरात होती, आणि त्यांच्या पणजीचं नाव गंगूबाई होतं. आणखी काय पाहिजे?

पत्रव्यवहार पूर्णिमानं केला, कारण इंग्रजी तिचं बरं. संग्रहालयातल्या बाईनं ऐकण्यापुरती एक प्रत पाठवली आणि लिहिलं की हा आवाज तुमच्याच घरातला असल्याची तुमची खात्री असेल तर तसं कळवा, पुढचे सगळे हक्क तुमच्याकडे येतील. पूर्णिमाचा होकार जायचा तेवढा बाकी होता. धैर्यशीलनं मात्र सभागृह घेऊन टाकलं होतं. फलकसुद्धा छापायला दिला होता: 'पणजीचा आवाज मायदेशी'. एका गायिकेला बोलावून पाळण्यामागं तबला-पेटी लावायचंही त्याच्या मनात होतं.

आत्तीला या कशाशी देणंघेणं नव्हतं. आत्ती म्हणजे पूर्णिमाच्या वडिलांची धाकटी बहीण, झुंबरबाई. वय चौऱ्याऐंशी. नवरा गेल्यापासून पूर्णिमाकडेच राहायची. तिला जन्म देतानाच तिची आई गेली, म्हणून तिला वाढवलं ते आजीनं, म्हणजे या गंगूबाईनं. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं आजी मानायची, त्यामुळे तिचा एकही फोटो नव्हता. लुगडी कधीच फाटून गेली. आत्तीजवळ आजीचं काहीही उरलेलं नव्हतं, आणि अचानक पूर्णिमाच्या मोबाइलमधून खरखरीच्या मागून एक बाई गाऊ लागली.

आत्तीला कमी ऐकू यायचं. तिनं मोबाइल कानाला दाबून धरला. शब्द कळत होते की नाही कोण जाणे. चाल मात्र तिनं लगेच ओळखली.

"हीच की गं," ती म्हणाली. "हीच माझी आजी. आसंच म्हणायची. मांडीवर घिऊन, पाय हलवीत."

आणि ती रडली. पूर्णिमानं आपल्या आत्तीला नवऱ्याच्या मयतीतसुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं. त्यानंतर रोज सकाळी चहाच्या आधी आत्ती म्हणायची, "माझ्या आजीला लाव."

मग एके दिवशी डोळे तपासायला दोघी दवाखान्यात गेल्या. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "आजी, पतीचं नाव?"

आत्तीनं पूर्णिमाकडे पाहिलं. पूर्णिमा पर्समध्ये जुना चष्मा शोधत होती.

"आजी, नाव सांगा की."

"आसं बघ," आत्ती म्हणाली, "घर झाडल्यावर जे निघतंय, त्यानं सुरू हुतंय."

मुलगी विचारात पडली. "धूळ?"

"धूळबा नाव आसतंय व्हय गं कुणाचं? शाळंत गेलीयास का न्हाईस?"

मागच्या रांगेतले लोक हसले. पूर्णिमानं वर बघून सांगितलं, "केरबा. केरबा नाव आहे."

परतताना रिक्षात आत्ती खुशीत होती. "हसाय काय झालं त्यास्नी? साठ वर्सं मी केराला केर म्हटलं न्हाय. झाडलोट म्हंते. आणि आमच्या आजीचं तर ह्याहून कडक. आजोबाचं नाव कृष्णात. तवा आजी देवालाबी किस्ना म्हणायची न्हाय. यशोदेचा म्हणायची. शेजारी एक किस्नाबाई हुती, तिला हाक मारायची, 'ओ नदीबाई!' सगळी वाडी मग तिला नदीबाईच म्हणाय लागली. जल्मात आजीच्या तोंडातनं किस्ना आला न्हाय बघ."

पूर्णिमा हसली. रिक्षा दसरा चौकातून वळली, आणि वळता वळता तिचं हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं आपल्या तपासणीच्या खोलीचं दार लावून घेतलं. कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि फाइल लावली. आधी खरखर. मग एका पुरुषाचा आवाज, कर्ण्यापासून जरा लांबून आलेला: "म्हण गं." मग बाई.

*पाण्याला गेली माय, वाटंत फुलला मळा,*
*नको रडू रं आता, माझ्या तान्ह्या सोन्या.*

*गोकुळात आला किस्ना, रंगानं काळा,*
*त्याच्यासंगं खेळ तू, माझ्या तान्ह्या सोन्या.*

किस्ना. स्पष्ट, खणखणीत, जराही न अडखळता.

कृष्णात पाटलाच्या बायकोनं हा शब्द तोंडातून काढला नसता. साहेबापुढे नाही, कर्ण्यापुढे नाही, नवरा तिथंच उभा असताना तर मुळीच नाही.

पूर्णिमानं हेडफोन काढले. समोरच्या टेबलावर एका पंपाचं कवच तपासणीसाठी ठेवलेलं होतं. तिनं सवयीनं हातोडी उचलली, पण मारली नाही. पुन्हा हेडफोन घातले. आता तिला ते दुसरंही नीट ऐकू आलं, पहिल्या दिवशी जे बद्द वाजलं होतं ते. मळा, आणि मग सोन्या. काळा, आणि मग सोन्या. प्रत्येक कडव्यात ओळ यमकाच्या दारापर्यंत जात होती आणि तिथून मागं फिरत होती. 'माझ्या तान्ह्या बाळा' असंच असणार ते गाणं. लहान पोरानंही ते पुरं केलं असतं. पण गाणारी बाई 'तान्ह्या' म्हणून एक क्षण अडत होती आणि 'सोन्या' म्हणत होती. पूर्णिमा त्या थांबण्याला इतके दिवस मेणावरचा ओरखडा समजत होती.

केराला झाडलोट म्हणणाऱ्या बाईच्या घरात राहून हे कळायला तिला इतका वेळ लागावा, याची तिला लाज वाटली.

संध्याकाळी भाजी निवडताना तिनं विचारलं, "आत्ती, आपल्या वाडीत अजून कुणी गंगू होती?"

"गंगा-यमुना काय, घराघरांत हुत्या."

"आजीच्या वयाची?"

आत्तीनं शेंगेचा दोरा काढता काढता विचार केला. "बाळू शिंप्याची गंगू की. म्या काय तिला बघितलं न्हाय. आजी सांगायची, गळा लई गोड. बारशाला, डव्हाळजेवणाला बोलवायचे तिला पाळणा म्हणाय. आजी बी तिच्याकडनंच शिकली आसंल. तिची पोरं मग गाव सोडून कोल्हापुरात आली. मंगळवार पेठंत दुकान हाय म्हणं नातवाचं का पणतवाचं. का गं?"

"सहज."

बाळू. पूर्णिमाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

तिनं धैर्यशीलला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पुन्नी, शंभर वर्सांपूर्वीचं कोण तपासाय बसलंय? ही काय तुझी फौंड्री हाय व्हय? एका शब्दावरनं पणजी बदलतीस?"

"शब्द एक नाही दादा, दोन आहेत. एक म्हणायला नको होता तो म्हटलाय, आणि एक म्हणायला पाहिजे होता तो गाळलाय."

"आणि आत्तीला काय सांगणार? म्हातारी त्या आवाजावर जगतीया. सही कर आणि गप बस. कुणाचं नुकसान हाय ह्यात?"

कुणाचं नुकसान, हेच बघायला रविवारी ती मंगळवार पेठेत गेली.

दुकान सापडायला त्रास झाला नाही. पुढं शिलाईची मशिनं, मागं घर. दुकानदाराचं नाव बाळासो. मूळ वाडी कुठली ते त्यांनी अभिमानानं सांगितलं, आणि पूर्णिमानं आपलं आडनाव सांगितल्यावर मशीन थांबवून ते उठून उभे राहिले. तिला ते उभं राहणं आवडलं नाही.

"या की, पाटलीणबाई. आत या."

"काका, मला पूर्णिमाच म्हणा."

आत बाळासोंची आई धोंडुबाई कॉटवर बसली होती आणि सून तेजस्वी पोराला तेल लावत होती. पोर रडून लालबुंद झालं होतं.

"उगी उगी, माझं बाळ ते," तेजस्वी म्हणाली.

"आगं!" कॉटवरून आवाज आला. "किती बारी सांगू? आमच्यात बाळ म्हणत न्हाईत. सोन्या म्हण."

"बघा की," तेजस्वी पूर्णिमाकडे वळली, जणू ओळख जुनीच होती. "मामंजींचं नाव बाळासो, म्हणून मी बाळ म्हणायचं नाही. उद्या बँकेत जाऊन सोन्यासोंचं पासबुक द्या म्हणू काय?"

"त्याच्या नावाचं न्हवं ते," धोंडुबाई म्हणाली. "ह्यो जल्मायच्या आधी मी ह्या घरात आले. तवा माझी सासू मला हेच सांगायची. तिला तिच्या सासूनं सांगितलेलं."

"पण का, आजी?" पूर्णिमानं विचारलं.

"का ते काय म्हाईत? म्हणत न्हाईत म्हंजे म्हणत न्हाईत."

चहा आला. पूर्णिमानं तो पुरता पिऊन घेतला. ती अजून उठून जाऊ शकत होती. ब्लाउजचं कापड टाकायला आले होते असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मोबाइल पर्समध्येच होता. तिच्या डोळ्यांपुढं आत्ती आली, मोबाइल कानाला दाबून धरलेली, चहाच्या आधीची.

मग तिनं कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. साहेब, कर्णा, तबकडी, ठरलेला कार्यक्रम, किस्ना, आणि यमक. तेजस्वीचा तेलाचा हात पोराच्या पोटावर थांबून राहिला. पूर्णिमानं फाइल लावली.

गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही. धोंडुबाईचे ओठ मात्र दुसऱ्या कडव्यापासून हलत होते. हा पाळणा तिला येत होता, याच मोडक्या यमकासकट.

बाळासोंनी सगळ्यात आधी विचारलं ते वेगळंच. "सुरवातीला कोण म्हंतंय, 'म्हण गं'?"

नोंदीत लिहिलं होतं, व्यवस्था पाटलानं केली. पूर्णिमाला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. घरातून निघतानाच ठाऊक होतं.

"आमचे पणजोबा असावेत," ती म्हणाली. "नक्की सांगता येणार नाही. पण असावेत."

"आसणारच," बाळासो म्हणाले. आवाज चढला नाही. "शिंप्याच्या बाईला आसंच म्हणायची रीत. पाटलीण काय चावडीत गायला उभी ऱ्हायली आसती व्हय, परक्या साहेबापुढं? मग हिला उभं केलं. हिला न्हाय म्हणता येत न्हवतं."

एवढंसं पोर पुन्हा रडायला लागलं आणि तेजस्वीनं त्याला उचलून घेतलं.

"कार्यक्रम हाय म्हणालीस न्हवं?" धोंडुबाईनं विचारलं. "लोकं जमवून?"

"होता. आता तुम्ही म्हणाल तसं. संग्रहालयाला मी तुमचं नाव कळवते. जगाला ऐकवायचं तर ऐकवा, नाहीतर बंद करून ठेवायला सांगा."

"बंद कर," म्हातारी म्हणाली. "चारचौघांत एकदा गायला लावलं तेवढं बास झालं. आमच्या घरात ऱ्हाऊ दे. आणि तुझ्याकडचं पुसून टाक, बाई. राग नको मानू. पर पुसून टाक."

घरी आल्यावर पूर्णिमानं आत्तीला समोर बसवून सांगितलं. मोठ्यानं, एकेक वाक्य, जसं कमी ऐकणाऱ्याला सांगतात तसं. आणि ते वाक्य मोठ्यानं म्हणताना जास्तच निर्दय वाटत होतं. ती आपली आजी नव्हे. ती बाळू शिंप्याची गंगू.

"मग माझी आजी कुठल्या तबकडीत हाय?"

"कुठल्याच नाही, आत्ती."

"तुला कुणी सांगितलं हुतं गं ठोकून बघायला?" आत्ती ओरडली. "सगळं जग काय कास्टिंग हाय? चांगलं वाजत हुतं की माझं! माझं वाजत हुतं ते!"

पूर्णिमानं त्याच दिवशी संग्रहालयाला लिहिलं. धैर्यशीलनं शिव्या दिल्या, मग फोन घेणं बंद केलं. फलक त्याच्या गॅरेजमध्ये पडला. या सगळ्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. आत्तीचं वाटलं. आत्तीनं तिच्या हातचा चहा सोडला. स्वतः उठून, भिंतीला धरत जाऊन, गॅसवर पातेलं ठेवायची, आणि दोनदा दूध उतू गेलं तरी हाक मारली नाही. सकाळी आजीला लाव असं म्हणायची वेळ आली की ती खिडकीकडे तोंड करून बसायची. आपण बरोबर केलं याबद्दल पूर्णिमाच्या मनात शंका नव्हती. पण त्यानं घरातली शांतता कमी होत नव्हती. खरं बोलल्याचं समाधान वगैरे जे काही म्हणतात, ते तिला शोधूनही सापडलं नाही.

संग्रहालयाचं उत्तर आलं. शिंप्यांच्या घरी फाइल पोचली होती. आता पूर्णिमाकडची प्रत पुसायची राहिली होती. न सांगता पुसणं तिला चोरी वाटली. सुट्टीच्या दिवशी ती आत्तीसमोर लॅपटॉप घेऊन बसली.

"आत्ती, आज पुसणार आहे."

आत्ती खिडकीकडेच बघत होती. तशीच म्हणाली, "ते पैलं लाव."

"कुठलं?"

"गाणं नगं. पैलं. त्यो म्हंतोय ते." मग जरा थांबून, "माझा आजोबा मी बघितला न्हाय. आजीच्या कपाळाचं कुकू मला आठवतच न्हाय."

पूर्णिमानं फौंड्रीतले मोठे हेडफोन आणले होते. ते तिनं आत्तीच्या पांढऱ्या केसांवरून अलगद कानांवर बसवले. आतापर्यंत आत्तीनं मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधूनच सगळं ऐकलं होतं. पूर्णिमानं आवाज वाढवला आणि फाइल लावली.

म्हण गं.

आत्तीची मान ताठ झाली. "पुन्ना."

म्हण गं.

"पुन्ना लाव. मधी बंद करू नगं लगेच. जरा पुढं जाऊ दे."

म्हण गं. त्यापुढं खरखर, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी एक श्वास, आत ओढलेला आणि तिथंच अडकलेला. पूर्णिमाला त्या श्वासाची जागा पडद्यावरच्या रेषेत पाठ होती. आत्तीच्या कानांत तो आज पहिल्यांदा शिरत होता. आत्तीनं हात वर केला. पूर्णिमानं थांबवलं.

आत्तीचा हात तसाच हवेत राहिला.

"भ्याली हाय की गं ती," आत्ती म्हणाली.

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. आत्तीनं दोन्ही हातांनी हेडफोन उचलले आणि जपून, आवाज होऊ न देता, टेबलावर ठेवले.

"आता पूस," ती म्हणाली.